सावकाश जाण्यासाठी बांधलेला रस्ता

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची एक फार जुनी डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरून जाणाऱ्या एका रस्त्याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे. कोणास कोठे लवकर पोहोचविण्याचे काम या रस्त्याकडे मुळीच नाही. त्यावर मालमोटारींना बंदी आहे. जाहिरातीचे फलक नाहीत, वाहतुकीचे लाल-हिरवे दिवे नाहीत, आणि वेगाची मर्यादा अशी की आपल्याकडची राज्य परिवहनाची गाडीदेखील सपाटीवर तिला सहज मागे टाकील. दर मैल-दोन मैलांवर डोंगराच्या कडेला मोटार उभी करण्याची जागा केलेली असते. तेथे उतरावे, कठड्याशी उभे राहावे, खालचे खोरे पाहावे आणि मन मानेल तेव्हा पुढे निघावे, एवढ्यासाठीच हा रस्ता आहे.

या रस्त्याचे दोन भाग आहेत. उत्तरेकडचा भाग व्हर्जिनिया राज्यातील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानातून जातो. त्यास स्कायलाइन ड्राइव्ह म्हणतात व त्याची लांबी 105 मैल आहे. तो जेथे संपतो त्या रॉकफिश गॅप नावाच्या खिंडीतून ब्लू रिज पार्कवे सुरू होतो. हा 469 मैल जाऊन नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रेट स्मोकी माउंटन्स या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी थांबतो. दोन्ही मिळून सुमारे सव्वानऊशे किलोमीटर. पहिल्या भागात ताशी 35 मैल, दुसऱ्यात ताशी 45 मैल, याहून जास्त वेगाने जावयाचे नाही. घाई असलेला मनुष्य खालच्या हमरस्त्याने हेच अंतर एका दिवसात तोडतो. आम्ही, म्हणजे आम्ही, सौभाग्यवती आणि मोटार हाकणारा आमचा भाचा, 2019 च्या मे महिन्याच्या अखेरीस निघून त्यास अकरा दिवस लावले.

कामगार संघटनेच्या कामात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने व्याख्यानाला हा विषय का निवडावा, असे मालेच्या चिटणीसांनी विचारलेच. आमचे उत्तर असे की, रस्ता दिसला की आम्हांस त्याचे हजेरीपत्रक दिसू लागते. खडी कोणी फोडली, रोज काय पडला, कोणाची जमीन गेली आणि तयार झालेल्या रस्त्यावर बसावयास कोणास मिळाले, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय आमच्याने निसर्गशोभा पाहवत नाही. ही खोड म्हणा. पण या रस्त्याच्या बाबतीत या चारही प्रश्नांना पक्की उत्तरे मिळतात, आणि ती कळली म्हणजे शोभा कमी होत नाही, उलट ती डोळ्यांत भरते.

प्रथम राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत 1872 साली यलोस्टोन हे पहिले उद्यान झाले आणि 1916 साली या सर्व उद्यानांचा कारभार पाहणारे खाते निघाले. पश्चिमेकडची उद्याने करणे सरकारला सोपे गेले, कारण तिकडची जमीन कागदोपत्री सरकारचीच होती. ती मुळात मूळ रहिवाशांकडून घेतलेली, हा भाग वेगळा. पूर्वेकडे मात्र डोंगर खाजगी मालकीचे होते. कोठे लाकूडकंपन्यांचे, कोठे लहान शेतकऱ्यांचे. तेथे उद्यान करावयाचे तर जमीन विकत घ्यावी लागणार, आणि अमेरिकेच्या संसदेने त्या वेळी जमिनीसाठी पैसे देण्यास नकार दिला. राज्यांनी जमीन घ्यावी व ती केंद्रास दान द्यावी, असे ठरले. पुढच्या पुष्कळ सुखदुःखांचे मूळ या ठरावात आहे.

स्कायलाइन ड्राइव्हचे काम 1931 मध्ये सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी व्हर्जिनियात मोठा दुष्काळ पडला होता. दुष्काळ निवारणाचा पैसा या रस्त्याकडे वळविण्यात आला आणि पिके बुडालेले आसपासचे शेतकरी कामावर घेतले गेले. म्हणजे आज जेथे लोक शरद ऋतूतील रंगीत पाने पाहावयास शेकडो मैलांवरून येतात, तो रस्ता मुळात दुष्काळी काम होय. हे वाचले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. 1972 च्या दुष्काळात आमच्या आईने पाझर तलावावर पाट्या वाहिल्या व रस्त्यावर खडी फोडली. त्या वेळी आम्ही दोन वर्षांचे, कामाशेजारच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत होतो. त्या खडीच्या रस्त्यावरून आजही एस.टी. जाते. तेथे उतरून कोणी कठड्याशी उभे राहिल्याचे मात्र ऐकिवात नाही.

1933 साली अमेरिकेत बेकारीने कहर केला होता. दर चार कामकऱ्यांत एक बेकार, असा तो काळ. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अधिकारावर येताच तरुण बेकारांची एक फौज उभारली. तिचे नाव सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. मुख्यतः अठरा ते पंचवीस वयाचे, घरची गरिबी असलेले मुलगे. सुमारे दोनशे जणांची एक छावणी. जेवण, कपडे, औषधपाणी सरकारचे, आणि महिना 30 डॉलर. त्यांतले सुमारे 25 डॉलर सरकार परस्पर घरी पाठवी, पोरांच्या हाती पाचच पडत. 1942 पर्यंत ही योजना चालली व तेवढ्या काळात तीस लाखांच्या आसपास तरुण तिच्यातून गेले. राष्ट्रीय उद्यानांतील पहिल्या छावण्या याच शेनँडोआत, 1933 च्या मे महिन्यात पडल्या. रस्त्याच्या कडेचे दगडी कठडे, पायवाटा, सहलीच्या जागा, उघड्या पडलेल्या उतारांवर लावलेली झाडे, यांत या पोरांचा हात आहे.

आता यातली एक गोष्ट प्रवासी पुस्तिकांत सापडत नाही, पण आम्हांस ती फार मोलाची वाटते. या योजनेस पहिला मोठा विरोध केला तो मजूर संघटनांनी. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष विल्यम ग्रीन यांनी संसदेच्या समितीपुढे हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, दिवसाला एक डॉलर हा दर एकदा सरकारनेच लावला म्हणजे बाहेरचे मालकही तोच दर दाखवतील, आणि कामकऱ्यांच्या छावण्या लष्कराच्या शिस्तीत ठेवणे हे लक्षण बरे नव्हे. दोन्ही हरकती वाजवी होत्या. रूझवेल्ट यांनी काय करावे? त्यांनी योजना मागे घेतली नाही, दरही वाढविला नाही. त्यांनी यंत्रकामगारांच्या संघटनेचे एक उपाध्यक्ष, रॉबर्ट फेकनर, यांनाच उचलून योजनेचे संचालक केले. मालक कसलेला असला म्हणजे वाटाघाटीत काय करतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पण इतके सफाईदार उदाहरण विरळा. फेकनर 1939 च्या अखेरीस वारले तोपर्यंत त्या जागी होते. त्यांनी कारभार काटकसरीने व चोख केला, हे खरे. काळ्या मुलांच्या छावण्या गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवाव्यात, हा 1935 सालचा हुकूमही त्यांच्याच कारकिर्दीतला. संघटनेचा मनुष्य वर गेला म्हणजे सर्व कामगारांचे भले होतेच, असे नाही.

ही विभागणी छावण्यांपुरती राहिली नाही. शेनँडोआ उद्यानात प्रवाशांनाही ती लागू होती. लुईस माउंटन नावाची एक जागा 1939 मध्ये काळ्या लोकांसाठी म्हणून उघडली गेली. खोल्या, जेवणघर, तंबूंची जागा, सर्व वेगळे. उद्यान सर्व राष्ट्राचे, पण बसावयाचे मात्र नेमलेल्या ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर हे मोडू लागले आणि 1950 पर्यंत पूर्ण संपले. आज लुईस माउंटनवर कोणीही उतरतो. आम्हीही तेथे एक रात्र काढली. लहान लाकडी खोल्या, बाहेर चुलीची जागा, दाराशी हरणे येऊन उभी राहतात. आमच्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाणवठे वेगळे होते, त्यामुळे त्या जागी सौभाग्यवतींना व आम्हांला जे वाटले ते येथे लांबवीत बसत नाही.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड होता. शेनँडोआच्या डोंगरांत रिकामे रान नव्हते. घळीघळींतून पाचशेच्या आसपास कुटुंबे राहात होती. व्हर्जिनिया राज्याने 1928 साली कायदा करून उद्यानाच्या हद्दीतील सर्व जमीन सरसकट संपादन करण्याचा अधिकार घेतला. एका शेतकऱ्याने तो लढा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 1935 मध्ये तो हरला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उद्यानाची स्थापना झाली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांस काही पैसे मिळाले. जे कुळे म्हणून राहात होते त्यांस जमिनीचे काहीच मिळाले नाही, कारण कागदावर त्यांचे काहीच नव्हते. कागद नसलेल्या माणसाचे काय होते, हे कोयनेच्या खोऱ्यातून उठलेल्या लोकांना निराळे सांगावयास नको. या डोंगरी लोकांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांस लिहिलेली पत्रे जपून ठेवलेली आहेत व पुढे ती पुस्तकरूपाने छापलीही गेली. त्यांत मोठ्या मागण्या नाहीत. उभे पीक काढून नेऊ का, मोडावयाच्या घराची दारे-खिडक्या नेऊ का, अशा परवानग्या मागितलेल्या आहेत. रिकामी झालेली घरे पाडण्याचे काम त्या तीस डॉलरवाल्या पोरांकडेच आले. गरिबाच्या मुलाने गरिबाचे घर पाडावे, ही व्यवस्था आपल्याला अनोळखी नाही.

हे लोक रानटी व अडाणी आहेत, त्यांना बाहेर काढणे हे त्यांच्याच हिताचे आहे, असे त्या काळी अभ्यासकांच्या पुस्तकांतून लिहिले गेले. पुढे 1990 नंतर पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी त्याच घळींतून घरांचे पाये उकरले, तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे, टपालाने मागविलेली खेळणी, मोटारीचे सुटे भाग, औषधांच्या बाटल्या निघाल्या. म्हणजे हे लोक जगापासून तुटलेले नव्हते, फक्त गरीब होते. काही वृद्धांना मरेपर्यंत राहावयाची मुभा देण्यात आली होती. त्यांतली शेवटची बाई 1979 साली, 92 वर्षांची होऊन, तेथेच वारली.

मग हे उद्यान करणे चूक होते काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. आज तेथे अस्वले, हरणे, झरे आणि दाट जंगल आहे. ते सर्वांचे आहे, आणि अशी सर्वांची जागा नसती तर तो माथा कोणा धनिकाच्या बंगल्यांनी व्यापला असता. पण किंमत एकाने मोजली आणि माल दुसऱ्यास मिळाला, एवढे तरी मैलाच्या दगडाशी लिहिलेले असावे. अलीकडे त्या परिसरातील गावांतून विस्थापितांच्या वंशजांनी स्मारके उभी केली आहेत, हे चांगले झाले.

ब्लू रिज पार्कवेचे काम 11 सप्टेंबर 1935 रोजी दोन राज्यांच्या सीमेवर सुरू झाले. आखणी स्टॅन्ली अ‍ॅबट या पंचविशीतल्या वास्तुविशारदाची. त्याने रस्त्याकडे चित्रकाराच्या नजरेने पाहिले. कोठे दाट झाडीतून जावयाचे, कोठे एकदम खोरे उघडावयाचे, कोठे शेताच्या कुंपणाशेजारून वळावयाचे, हे त्याने ठरविले. कडेची शेते शेतीच राहावीत म्हणून काही जमीन शेतकऱ्यांस खंडाने देण्यात आली. डोंगर कापून ओरखडा पडू नये म्हणून 26 बोगदे खोदले गेले, त्यांतले 25 एकट्या नॉर्थ कॅरोलायनात. दगडी कमानींवर इटली व स्पेनमधून आलेल्या गवंड्यांचा हात आहे. भाच्याला प्रत्येक बोगद्यात शिरताना मोजण्याचा छंद लागला होता आणि अठराव्यानंतर त्याचा हिशेब चुकला.

या नजरेची एक दुसरी बाजू आहे. मॅब्री मिल नावाची एक पाणचक्की या रस्त्यावर 176 व्या मैलाशी आहे. तळ्यात तिचे प्रतिबिंब पडते. अमेरिकेत सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेल्या जागांत तिची गणना करतात. या चक्कीच्या मालकाचे स्वतःचे घर दुमजली, पांढऱ्या रंगाचे, फळ्यांचे व चांगले प्रशस्त होते. ते पाडण्यात आले, आणि पुढे दुसरीकडून ओंडक्यांची एक जुनी झोपडी आणून त्या जागी बसविण्यात आली. कारण काय, तर डोंगरातला मनुष्य झोपडीत राहतो असे पाहावयास शहरी प्रवाशाला आवडते. ज्याने चार पैसे मिळवून बरे घर बांधले, तो चित्रात बसत नव्हता! आपल्याकडेही आदिवासी पाड्यावर जाऊन सिमेंटचे घर पाहून हिरमुसणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत.

पुढे 190 व्या मैलाच्या सुमारास ऑर्लीन पकेट या बाईच्या नावाने एक झोपडी राखलेली आहे. ही बाई सुईण होती. तिची स्वतःची चोवीस मुले लहानपणीच गेली, एकही जगले नाही. पन्नाशीच्या सुमारास तिने सुईणपण हाती घेतले आणि हजाराच्या घरात बाळंतपणे केली. शेवटचे 1939 मध्ये, त्याच वर्षी ती वारली. तेथे सौभाग्यवती पुष्कळ वेळ थांबल्या. पाटीवरचा मजकूर त्यांनी भाच्याकडून दोनदा मराठीत सांगून घेतला.

मॅब्री मिलच्या उपाहारगृहात गव्हासारख्या एका काळसर धान्याच्या पिठाची धिरडी मिळतात आणि त्यासाठी रांग लागते. त्या रांगेत एका निवृत्त सुताराशी ओळख झाली. लाकडी सामानाच्या कारखान्यात त्याने सारी हयात काढली. तो कारखाना आता बंद पडला आहे. आम्ही संघटनेचे, हे कळल्यावर तो मोकळा झाला. त्यांच्याकडे वर्षास पाच दिवस रजा होती, तीही मालकाच्या मर्जीने. हे ऐकून आमच्या भाच्यास आश्चर्य वाटले, पण गोष्ट कायद्याने तशीच आहे. अमेरिकेत 1938 च्या कायद्याने किमान वेतन दिले, जादा कामास दीडपट मजुरी दिली, पण भरपगारी रजा त्यात नाही, आणि आजतागायत त्या देशात सर्वांना लागू असा भरपगारी रजेचा केंद्रीय कायदा झालेला नाही. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षभर काम केलेल्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. ती यंत्रमागावर किती जणांच्या पदरात पडली, हा प्रश्न येथे उकरीत नाही. मुद्दा एवढाच की जगातला सर्वांत मोठा सावकाशीचा रस्ता ज्या देशाने बांधला, तेथे सावकाश जाण्याचे दिवस ज्याचे त्याने मालकाकडून मागून आणावयाचे असतात. त्या सुताराने निवृत्तीनंतरच हा रस्ता पुरा पाहिला. घर तेथून तासाभरावर.

नॉर्थ कॅरोलायना हे संघटित कामगारांचे प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांपैकी एक आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. रस्ता 344 व्या मैलाशी बक क्रीकच्या खिंडीत येतो. तेथून खाली मॅरियन नावाचे गाव आहे. त्या गावच्या सूतगिरणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या व 1929 साली कामगारांनी संप केला. 2 ऑक्टोबरच्या सकाळी गिरणीच्या दाराशी जमलेल्या संपवाल्यांवर शेरीफच्या शिपायांनी गोळीबार केला. सहा कामगार मेले. शिपायांवर खटला झाला, सर्व निर्दोष सुटले. कादंबरीकार सिंक्लेअर लुईस तेथे जाऊन आला व त्याने एक पुस्तिका लिहिली. कठड्यावरच्या फलकावर यांतले काही नाही. पुढे महायुद्धाच्या काळात याच बक क्रीकवर, शस्त्र हाती घेण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या तरुणांची छावणी होती, आणि त्यांच्याकडून पार्कवेचे काम वेतनावाचून करून घेण्यात आले. आम्ही तेथे उतरलो, तेव्हा खाली धुके होते. गाव दिसले नाही.

माउंट मिचेलचा माथा, 6,684 फूट, मिसिसिपीच्या पूर्वेस सर्वांत उंच. तेथे वारा फार, पाहावयाचे थोडे. रस्त्याच्या कडेला बुंध्याशी तांबूस फुटवे आलेली चेस्टनटची रोपे मात्र मुद्दाम पाहावीत. या झाडाची जंगले सबंध रांगेवर होती. त्याची फळे विकून डोंगरी माणूस मुलांना बूट घेई. 1904 साली बाहेरून आलेला बुरशीचा रोग न्यूयॉर्कमध्ये दिसला आणि चाळीस-पन्नास वर्षांत सुमारे चारशे कोटी झाडे मेली. मुळे जिवंत आहेत, फुटवा येतो, माणसाच्या दीड-दोन पुरुष वाढतो आणि रोग त्यास पुन्हा मारतो.

पार्कवेचा बहुतेक भाग तीस वर्षांत झाला, पण ग्रँडफादर माउंटन या डोंगराजवळचे साडेसात मैल अडून राहिले. त्या डोंगराच्या मालकाने उतार फोडण्यास विरोध केला. शेवटी तोड निघाली ती अशी: डोंगराला न खोदता त्याच्या कुशीवरून तरंगत जाणारा पूल. लिन कोव्ह असे त्याचे नाव. लांबी 1,243 फूट. काँक्रीटचे 153 तुकडे बाहेर ओतले, प्रत्येक सुमारे 50 टनांचा. पूर्ण झालेल्या पुलावरूनच पुढचा तुकडा नेऊन जोडावयाचा, म्हणजे खाली यंत्रांसाठी वाट पाडावी लागत नाही. पूल नागमोडी असल्याने सरळ असा तुकडा त्यात एकच आहे. काँक्रीटमध्ये लोहभस्म मिसळून त्यास शेजारच्या खडकाचा रंग दिला. पुलाचे काम 1983 मध्ये संपले आणि सबंध पार्कवे 11 सप्टेंबर 1987 रोजी पुरा झाला, सुरुवातीपासून मोजून 52 वर्षांनी. आम्ही खालच्या पायवाटेने जाऊन पुलाची पोटाकडची बाजू पाहिली. ज्यास ओतकाम कळते त्याने ती वाट चुकवू नये.

पुढे 27 सप्टेंबर 2024 रोजी हेलेन नावाच्या वादळाने या भागात हाहाकार केला. नॉर्थ कॅरोलायनात शंभरावर माणसे दगावली. पार्कवेवर ठिकठिकाणी डोंगर खचला, काही जागी रस्ताच खोऱ्यात गेला. तो एकेक भाग दुरुस्त करून खुला करण्यात आला. जाणाऱ्याने कोणता पट्टा उघडा आहे हे आधी विचारून निघावे. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता पुष्कळदा बंद असतो. पार्कवेवर पेट्रोल मिळत नाही, त्यासाठी खाली गावात उतरावे लागते, आणि उतरावेच. त्याशिवाय त्या मुलखातली माणसे दिसत नाहीत.

रस्त्याचा शेवट चेरोकी लोकांच्या मुलखात होतो. 1838 साली सरकारने सुमारे सोळा हजार चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेस हाकलले. वाटेत व छावण्यांत सुमारे चार हजार मेले. काही जण डोंगरांत राहिले, त्यांचे वंशज आज येथे आहेत. पार्कवेचे शेवटचे टोक त्यांच्या सोको खोऱ्यातून न्यावयाचे असा सरकारचा बेत होता. त्या अरुंद खोऱ्यातच त्यांची चांगली सपाट शेती, आणि पार्कवेच्या रुंद पट्ट्यावर कोणास दुकान घालता येत नाही. चेरोकींच्या सभेने नकार दिला. अधिकारी आले, समजूत घातली, धाक दाखविला. आपसांत मतभेदही झाले. तरी 1935 पासून पाच वर्षे हा नकार टिकला. अखेर 1940 मध्ये तडजोड झाली: पार्कवे वरून, डोंगराच्या कण्यावरून जाईल, त्याच्या जमिनीचा मोबदला मिळेल, आणि खोऱ्यातून राज्य वेगळा साधा रस्ता बांधून देईल, ज्यावर त्यांना दुकाने मांडता येतील. तसे झाले. शेनँडोआतील माणसे एकेकटी पत्रे लिहीत राहिली, येथे सभा होती व सभेचा ठराव होता. आज त्या खालच्या रस्त्यावर दुकानांच्या रांगा आहेत. दुकाने फारशी देखणी नाहीत, पण त्यांची आहेत. एका दुकानात सौभाग्यवतींनी वेताची टोपली घेतली. विणणारी बाई तेथेच बसलेली होती. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले व भाव कमी करण्याचा विचार आमच्याकडून सोडून देण्यात आला.

आम्ही गेलो तेव्हा स्मोकीतील सर्वोच्च शिखराचे नाव एका गोऱ्या सेनाधिकाऱ्याच्या नावावरून होते. चेरोकींनी अर्ज केल्यावर 18 सप्टेंबर 2024 पासून त्यास पुन्हा कुवोही हे त्यांचे जुने नाव मिळाले.

ग्रेट स्मोकी हे अमेरिकेतील सर्वांत गर्दीचे राष्ट्रीय उद्यान असून वर्षास सव्वा कोटीच्या आसपास लोक तेथे येतात. याच्या जमिनीसाठी दोन्ही राज्यांनी पैसे काढले, शाळेतल्या मुलांनी पैसापैसा जमविला, आणि रॉकफेलर यांच्या निधीतून 50 लाख डॉलर आले. तेलाच्या धंद्यात तो पैसा कसा जमला, हे वाचकांस ठाऊक आहे. पण येथे तो बरा लागला, हेही सांगितले पाहिजे. न्यूफाउंड गॅप या खिंडीत दोन राज्यांच्या सीमेवर उभे राहून रूझवेल्ट यांनी 2 सप्टेंबर 1940 रोजी उद्यान राष्ट्रास अर्पण केले. खिंडीतला रस्ता केंद्रास देताना टेनेसी राज्याने अट घातली की, यावरून जाणाऱ्यास कधीही कर लावू नये. म्हणून या उद्यानास आजही प्रवेशमूल्य नाही. 2023 पासून मोटार थांबविण्याचे पैसे मात्र घेतात.

आमचा शेवटचा मुक्काम एल्कमाँट येथे होता. शंभर वर्षांपूर्वी हे लाकूडतोड्यांचे गाव होते. कंपनीने डोंगर बोडके केले आणि ओंडके वाहण्यासाठी नदीकाठाने आगगाडी घातली. आज मोटारीचा रस्ता त्याच आगगाडीच्या मार्गावरून जातो. जंगल पुन्हा इतके वाढले आहे की कोणास सांगून खरे वाटू नये. या जागी जूनच्या सुमारास काही रात्री काजवे दिसतात. काजवे आपल्याकडे भंडारदऱ्यालाही पुष्कळ, पण येथला प्रकार असा की हजारो नर एकाच वेळी पाच-सात वेळा चमकतात आणि एकाच वेळी विझतात. सहा-आठ सेकंद संपूर्ण अंधार. मग पुन्हा. गर्दी आवरण्यासाठी चिठ्ठ्या टाकून परवाने देतात. भाच्याचे नाव निघाले. विजेरीला लाल कागद बांधून सर्वांनी रस्त्याच्या कडेला घड्या घालता येणाऱ्या खुर्च्यांवर बसावयाचे, बोलावयाचे नाही. आमच्या एका बाजूस एक शीख कुटुंब होते, दुसऱ्या बाजूस चाकांच्या खुर्चीत बसलेली एक काळी वृद्धा व तिची नात. साडेनवाला काजवे लागले. आम्ही साडेअकरापर्यंत बसलो, मग शेवटची गाडी सुटण्याची घंटा झाली.